औषधे व पशुखाद्य पूरके यांवरील बहुवारिक आवरणे : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

औषधी गोळीवरील आवरणाचा संबंध सामान्यतः चव, रंग व टिकाऊपणा यांच्याशी जोडला जातो. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून औषध शरीरात कोठे मोकळे व्हावे हे ठरविणे, हे आवरणाचे महत्त्वाचे कार्य बनले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच तंत्र रवंथ करणाऱ्या जनावरांच्या खाद्यपूरकांसाठी उपयोगात आले. परंतु माणूस व गाय यांच्या पचनमार्गातील आम्लतेचा क्रम परस्परविरुद्ध असल्याने तेथे आवरणाचे रसायन उलटे करावे लागले. प्रस्तुत लेखात या दोन्ही शाखांचा एकत्रित इतिहास मांडला असून, आवरणाला ‘निष्क्रिय’ मानण्याच्या प्रवृत्तीचे परिणाम तपासले आहेत.

बीजसंज्ञा : बहुवारिक, आंत्रविद्राव्य आवरण, शेलॅक, कोठीपोट, बायपास प्रथिने, सहायक द्रव्य.

प्रस्तावना

औषधशास्त्राचा इतिहास बहुधा औषधी द्रव्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. क्विनीन, ॲस्पिरिन, पेनिसिलीन यांच्या शोधाच्या कथा पाठ्यपुस्तकांतून परिचित आहेत. ही द्रव्ये ज्या गोळीतून, ज्या वेष्टनातून रुग्णाच्या शरीरात गेली, त्या वेष्टनाकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले आहे. पशुपोषणाच्या इतिहासातही हीच स्थिती दिसते. दुधाळ जनावराला काय खाऊ घालावे याची चर्चा विपुल आहे. खाऊ घातलेले द्रव्य आतड्यापर्यंत शाबूत पोहोचते काय, हा प्रश्न त्या मानाने उशिरा विचारला गेला.

बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर, हे लहान रेणूंच्या साखळीने बनलेले महारेणू होत. केराटिन, लाख, जिलेटिन हे निसर्गातील बहुवारिक. सेल्युलोजपासून तयार केलेली संयुगे अर्धसंश्लेषित. तर मेथॅक्रिलिक आम्लापासून बनविलेले बहुवारिक पूर्णतः संश्लेषित आहेत. आवरणाचा इतिहास स्थूलमानाने याच क्रमाने पुढे सरकतो. मात्र हा केवळ पदार्थांच्या बदलाचा क्रम नाही. प्रत्येक टप्प्यावर एका नव्या अडचणीने नवा पदार्थ शोधण्यास भाग पाडले, आणि प्रत्येक नव्या पदार्थाने स्वतःची अशी एक अडचण निर्माण केली.

१. पूर्वपीठिका : चव आणि शोभा

कडू किंवा उग्र औषध गिळणे सुसह्य व्हावे, हा आवरणामागील सर्वांत जुना हेतू होय. अल्‌-राझी याच्याकडे गोळीवर इसबगोलासारख्या बियांच्या बुळबुळीत द्रवाचा लेप देण्याचे, तर इब्न सीना याच्याकडे सोन्या-चांदीचा वर्ख लावण्याचे श्रेय परंपरेने दिले जाते. वर्ख लावलेल्या गोळ्या युनानी औषधालयांतून भारतीयांनाही परिचित आहेत. १८३४ मध्ये पॅरिस येथे मोथ व द्युब्लाँ यांनी जिलेटिनच्या कॅप्सूलचे पेटंट घेतले, तेव्हाही मुख्य प्रयोजन चव झाकणे हेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर युरोप-अमेरिकेत साखरेच्या आवरणाचा प्रसार झाला. फिरत्या कढईत गोळ्या घोळवून त्यांवर पाकाचे एकावर एक थर चढविले जात. हे काम अनेक दिवस चाले, त्यास कुशल कारागीर लागे, आणि पुष्कळदा गोळीचे वजन जवळजवळ दुप्पट होई.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान होती. आवरण तोंडात टिकले की त्याचे काम संपले. जठरात पोहोचल्यावर ते किती वेळात व कोठे विरघळते, हा प्रश्न अद्याप पुढे आला नव्हता.

२. उन्ना आणि ‘लहान आतड्याच्या गोळ्या’

हा प्रश्न स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय हॅम्बुर्ग येथील त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना यांना जाते. काही औषधे जठराच्या आतील अस्तराला त्रास देतात, तर काही जठरातील आम्लाने निकामी होतात. औषध जठर ओलांडून आतड्यातच मोकळे झाले तर दोन्ही अडचणी दूर होतील, असा त्यांचा विचार होता. १८८४ मध्ये त्यांनी केराटिनचे आवरण असलेल्या गोळ्या प्रचारात आणल्या व त्यांना ‘लहान आतड्याच्या गोळ्या’ असेच नाव दिले. केराटिन हे शिंग, केस, पिसे यांतील प्रथिन असून जठरातील पेप्सीन या विकराने ते सहसा पचत नाही.

कल्पना योग्य होती, परंतु पदार्थ अपुरा होता. जठरात न पचणारे केराटिन आतड्यातही खात्रीने विरघळत नसे. पुढील काळात सॅलोल, फॉर्मल्डिहाइडने कठीण केलेले जिलेटिन इत्यादी पर्याय पुढे आले. ते वापरताना दोन उलट दोष वारंवार दिसत : एक तर गोळी जठरातच फुटे, किंवा ती जशीच्या तशी शरीराबाहेर पडे. गोळीच्या आतील औषध कितीही गुणकारी असले तरी दुसऱ्या प्रकारात रुग्णाला त्याचा काहीच लाभ होत नसे. आवरणाचे यश केवळ टिकण्यात नसून योग्य जागी नष्ट होण्यात आहे, ही जाणीव या काळात दृढ झाली.

३. लाख : भारतीय दुवा

नैसर्गिक बहुवारिकांपैकी दीर्घकाळ टिकलेला पदार्थ म्हणजे शेलॅक. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्याच्या स्रावापासून लाख मिळते. ती शुद्ध करून चपडा, म्हणजेच शेलॅक, तयार होतो. झारखंड, छत्तीसगड, मध्यप्रदेश, पश्चिम बंगाल या प्रदेशांबरोबरच विदर्भाच्या पूर्व भागातही, विशेषतः गोंदिया परिसरात, लाखेच्या उत्पादनाची परंपरा आहे. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे भारतीय लाख संशोधन संस्था स्थापन झाली. २००७ मध्ये तिला भारतीय नैसर्गिक राळ व गोंद संस्था हे नाव मिळाले आणि २०२२ मध्ये तिचे रूपांतर राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्थेत करण्यात आले.

शेलॅक आम्लात विरघळत नाही. सामू ७ च्या वर गेल्यावर मात्र ते विरघळू लागते. त्यामुळे ते आंत्रविद्राव्य आवरणासाठी स्वाभाविक निवड ठरले. परंतु त्यात दोन अंगभूत उणिवा होत्या. झाड, हंगाम व शुद्धीकरणाची रीत बदलली की शेलॅकचे गुणधर्म बदलत. शिवाय साठवणुकीत त्याचे रेणू परस्परांशी जोडले जाऊन आवरण अधिकाधिक अविद्राव्य होई. कारखान्यातून निघताना योग्य असलेली गोळी दुकानात काही काळ राहिल्यानंतर तशीच राहील याची हमी नव्हती. मोठ्या प्रमाणावरील औषधनिर्मितीस प्रत्येक वेळी सारखे वागणारे द्रव्य हवे होते, आणि ती गरज संश्लेषणातून भागविली गेली.

४. छायाचित्रणाच्या फितीपासून गोळीपर्यंत

सेल्युलोज ॲसिटेट या पदार्थाचा औषधनिर्मितीशी आरंभी काही संबंध नव्हता. सहज पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मला सुरक्षित पर्याय म्हणून छायाचित्रण उद्योगाने त्याचा स्वीकार केला होता. ईस्टमन कोडॅक या कंपनीकडे त्याच्या रसायनाचे मोठे ज्ञान जमा झाले होते. १९४० मध्ये याच कंपनीला सेल्युलोज ॲसिटेट थॅलेट वापरून आंत्रविद्राव्य आवरण करण्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. या बहुवारिकाच्या साखळीवर कार्बोक्सिलिक आम्लाचे गट असतात. आम्लयुक्त जठरात ते गट विद्युतभाररहित राहतात व आवरण अविद्राव्य असते. लहान आतड्यात सामू ६ च्या पुढे गेला की त्या गटांवर ऋणभार येतो व आवरण विरघळते. येथे आवरणाची कार्यपद्धती प्रथमच रासायनिक सूत्राने ठरविता आली.

१९५० च्या दशकात या दिशेने अनेक पावले पडली. जर्मनीतील डार्मश्टाट येथील ऱ्योम कंपनीने मेथॅक्रिलिक आम्लाच्या बहुवारिकांपासून ‘युड्राजिट’ ही मालिका आणली. तीतील भिन्न प्रकार भिन्न सामूला विरघळतात : काही ५.५ च्या वर, काही ६ च्या वर, तर काही ७ च्या वर. याच दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ॲबट कंपनीने पातळ फिल्मचे आवरण असलेल्या गोळ्या बाजारात आणल्या. साखरेच्या थराने गोळीचे वजन जवळजवळ दुप्पट होई, तेथे फिल्ममुळे ते साधारण २ ते ५ टक्केच वाढू लागले. १९५२ मध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीची ‘स्पॅन्सूल’ ही कॅप्सूल आली. तिच्यातील शेकडो सूक्ष्म दाण्यांवर कमी-अधिक जाडीचे थर असल्याने औषध टप्प्याटप्प्याने मोकळे होत असे.

यंत्रसामग्रीच्या बाजूने विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेल वुर्स्टर यांचे योगदान निर्णायक ठरले. १९५३ च्या पेटंटमध्ये त्यांनी गोळ्या हवेच्या प्रवाहात तरंगत ठेवून त्यांवर द्रावण फवारण्याची पद्धत मांडली. प्रत्येक दाणा सर्व बाजूंनी सुटा राहत असल्याने अगदी बारीक कणांवरही समान थर देणे शक्य झाले. गोळीसाठी जन्मलेले हे तंत्र पुढे खाद्यपूरकांच्या दाण्यांनाही तितकेच उपयोगी पडले.

५. आवरण चुकीच्या जागी उघडते तेव्हा

या प्रगतीची दुसरी बाजू १९६४ पासून समोर आली. थायाझाइड गटातील मूत्रल औषधांमुळे शरीरातील पोटॅशियम कमी होते. ते भरून काढण्यासाठी त्याच गोळीत आंत्रविद्राव्य आवरणाखाली पोटॅशियम क्लोराइड दिले जाई. हे लवण जठराला त्रास देते, म्हणून ते आतड्यात सोडावे, असा त्यामागील तर्क होता. आवरणाने सांगितलेले काम बजावले. परंतु सर्व लवण लहान आतड्याच्या एखाद्या छोट्या भागात एकदम मोकळे होऊन तेथे तीव्र द्रावण साचे. परिणामी अनेक रुग्णांत आतड्याला व्रण पडले, आतडे अरुंद झाले, काहींत छिद्र पडले व शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. त्यानंतर असे आवरण मागे पडून, लवण सावकाश सोडणाऱ्या मेणयुक्त गोळ्या व सूक्ष्मकोशित दाणे यांचा स्वीकार झाला.

हा प्रसंग आवरणाच्या इतिहासात विशेष महत्त्वाचा आहे. येथे औषध अशुद्ध नव्हते, मात्रा चुकली नव्हती आणि आवरणही सदोष नव्हते. इजा झाली ती केवळ जागा व वेग यांमुळे. गोळी ठरावीक वेळात फुटते की नाही, एवढे पाहणारी चाचणी अमेरिकी औषधसंहितेत १९५० पासून होती. औषध प्रत्यक्षात किती प्रमाणात द्रावणात उतरते हे मोजणारी विद्राव्यता चाचणी १९७० मध्ये समाविष्ट झाली. आवरणाचे मूल्यमापन त्याच्या दिसण्यावरून नव्हे तर त्याच्या वर्तनावरून करण्याकडे ही वाटचाल होती.

पुढेही असे प्रश्न संपले नाहीत. हृदयविकाराच्या प्रतिबंधासाठी दिले जाणारे ॲस्पिरिन काही व्यक्तींना लागू पडत नाही, असा समज दीर्घकाळ होता. २०१३ मध्ये ४०० निरोगी स्वयंसेवकांवरील अभ्यासात असे दिसले की, या भासमान प्रतिरोधाचे मोठे कारण आंत्रविद्राव्य आवरणामुळे लांबलेले शोषण हे होते. रुग्णाच्या प्रकृतीला चिकटविलेला दोष वस्तुतः आवरणाचा होता.

६. कोठीपोटाचा प्रश्न

गाय, म्हैस, शेळी व मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांत अन्न प्रथम कोठीपोटात जाते. तेथील असंख्य सूक्ष्मजंतू चाऱ्यातील तंतू पचवितात. त्यामुळेच माणसाला निरुपयोगी असलेल्या कडब्यापासून दूध निर्माण होते. परंतु हेच सूक्ष्मजंतू उत्तम प्रथिनांचेही विघटन करून त्यांतील बराच नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मोकळा करतात. महागडी पेंड खाऊ घातली तरी तिच्यातील अमिनो आम्ले जनावराच्या आतड्यापर्यंत पोहोचतीलच असे नाही.

या हानीचे प्रमाण ऑस्ट्रेलियातील लोकर संशोधनातून लक्षात आले. १९६३ मध्ये राइस व शिंकेल यांनी मेंढ्यांच्या चौथ्या पोटात गंधकयुक्त अमिनो आम्ले थेट सोडली असता लोकरीची वाढ लक्षणीय प्रमाणात सुधारली. तोंडावाटे देऊन जे साधत नव्हते, ते कोठीपोट ओलांडून देताच साधले. १९६७ मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन संघटनेतील फर्ग्युसन, हेम्सली व राइस यांनी शस्त्रक्रियेविना हाच परिणाम मिळविला. केसीन या दुधातील प्रथिनावर त्यांनी फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया केली. त्यामुळे प्रथिनाच्या साखळ्यांत जोडबंध निर्माण होऊन ते कोठीपोटात टिकले, आणि चौथ्या पोटाच्या आम्लात ते बंध सुटून प्रथिन पचनास उपलब्ध झाले. १९७० च्या सुमारास स्कॉट व सहकाऱ्यांनी असंपृक्त तेलाच्या थेंबांभोवती अशा प्रक्रियायुक्त केसीनचे आवरण देऊन दुधातील असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढविले. फॉर्मल्डिहाइडने कठीण केलेले जिलेटिन मानवी गोळीत यशस्वी झाले नव्हते. जनावरांच्या बाबतीत त्याच जातीच्या रसायनाला नवे कार्य मिळाले.

७. उलटे रसायन

प्रथिनाऐवजी सुटे अमिनो आम्ल संरक्षित करणे अधिक कठीण होते. १९७६ मध्ये श्वाब व सहकाऱ्यांनी दुभत्या गाईंच्या चौथ्या पोटात अमिनो आम्ले सोडून केलेल्या प्रयोगांतून लायसीन व मेथिओनीन ही दुग्धोत्पादनास मर्यादा घालणारी अमिनो आम्ले असल्याचे दिसले. मात्र सुटे मेथिओनीन आंबोणात मिसळले तर कोठीपोटातील सूक्ष्मजंतू ते लवकर फस्त करतात. यावर मानवी औषधातील आंत्रविद्राव्य आवरण हा सहज सुचणारा उपाय होता; पण तो येथे लागू पडत नाही.

माणसात गोळीला प्रथम सामू १ ते ३ असलेले आम्लयुक्त जठर लागते व नंतर जवळजवळ उदासीन आतडे. गाईत प्रथम सामू साधारण ५.५ ते ७ असलेले कोठीपोट लागते, तेथे अन्न कित्येक तास राहते, आणि त्यानंतर सामू २ ते ३ असलेले चौथे पोट येते. मानवी गोळीवरील आवरण कोठीपोटातच विरघळून जाईल. म्हणून उदासीन माध्यमात टिकणारे व आम्लात विरघळणारे बहुवारिक हवे होते. आम्लधर्मी गटांच्या जागी नायट्रोजनयुक्त आम्लारिधर्मी गट घेऊन ही गरज भागविण्यात आली. १९८० मध्ये कोठीपोटात स्थिर राहणाऱ्या आवरणयुक्त दाण्यांची पेटंटे ईस्टमन कोडॅकलाच मिळाली. ज्या कंपनीने ४० वर्षांपूर्वी माणसासाठी आम्लात न विरघळणारे आवरण दिले होते, तिनेच गाईसाठी आम्लात विरघळणारे आवरण सिद्ध केले. व्हिनाइल पिरिडीन व स्टायरीन यांच्या सहबहुवारिकाचे असे आवरण असलेले मेथिओनीन पुढे फ्रान्सच्या रोन-पुलांक कंपनीने ‘स्मार्टामीन’ या नावाने बाजारात आणले.

जर्मनीच्या डेगुसा कंपनीने वेगळी वाट निवडली. ‘मेप्रॉन’ या तिच्या उत्पादनात एथिल सेल्युलोजचा थर होता. तो सामूवर अवलंबून नसून सावकाश झिजतो. युड्राजिटची निर्माती ऱ्योमही कालांतराने डेगुसा समूहात आली व २००७ मध्ये हा समूह एव्होनिक या नावाखाली एकत्र झाला. अशा रीतीने मानवी गोळीचे व गाईच्या खाद्याचे आवरण एकाच छताखाली आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुधाळ जनावरांच्या पोषणमानकांत चयापचययोग्य प्रथिनांमध्ये लायसीन ७.२ टक्के व मेथिओनीन २.४ टक्के असावे, असे आदर्श प्रमाण मांडले गेले आणि संरक्षित अमिनो आम्लांना शास्त्रीय अधिष्ठान लाभले.

८. भारतीय गोठा

भारतात संरक्षित सुट्या अमिनो आम्लांपेक्षा बायपास प्रथिनांचा मार्ग अधिक परिचित आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था व आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ यांनी मोहरी, शेंगदाणा, सूर्यफूल अशा पेंडींवर नियंत्रित प्रमाणात फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करण्याचे तंत्र विकसित केले. दर १०० ग्रॅम प्रथिनांमागे साधारण १ ग्रॅम फॉर्मल्डिहाइड हे प्रमाण येथे काटेकोरपणे सांभाळावे लागते. ते कमी पडले तर संरक्षण मिळत नाही. जास्त झाले तर प्रथिन आतड्यातही पचत नाही. उन्ना यांच्या काळातील दोन उलट दोष येथे वेगळ्या रूपात पुन्हा दिसतात.

आयात केलेल्या आवरणयुक्त पूरकांच्या बाबतीत वापराची परिस्थितीही पाहावी लागते. महाराष्ट्रात मुरघासाचा वापर वाढला असून चांगल्या मुरघासाचा सामू ४ च्या आसपास असतो. आम्लात विरघळणारे आवरण ओल्या मुरघासात मिसळून दीर्घकाळ ठेवल्यास त्याच्या संरक्षणाला गोठ्यातच बाधा येऊ शकते. गोळीपेंड तयार करण्याच्या यंत्रातील उष्णता व दाब यांनीही नाजूक थर फुटतात. मानवी गोळी बहुधा वेष्टनातून थेट तोंडात जाते; खाद्याचा दाणा मात्र मिश्रण, साठवण व चर्वण या सर्वांतून पार पडतो. आवरण निकामी झाले तरी दाणा पूर्वीसारखाच दिसत असल्याने पशुपालकाला नुकसानीचा पत्ता लागत नाही. अल्पभूधारक दूध उत्पादकाच्या दृष्टीने हा प्रश्न थेट खर्चाचा आहे.

९. ‘निष्क्रिय’ द्रव्याची जबाबदारी

औषधनिर्मितीत मुख्य औषधाखेरीज असलेल्या घटकांना सहायक किंवा निष्क्रिय द्रव्ये म्हटले जाते. या संज्ञेतील धोका इतिहासाने पुनःपुन्हा दाखविला आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या द्रवऔषधातील डायएथिलीन ग्लायकॉल या विद्रावकाने १०० हून अधिक बळी घेतले व त्यातून १९३८ चा कायदा आला. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाची चौकशी झाली. ही उदाहरणे आवरणाची नसली तरी सहायक द्रव्याकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम ती स्पष्ट करतात.

आवरणाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक संथ गतीने उभा राहिला. फिल्म ठिसूळ होऊ नये म्हणून तिच्यात लवचिकता देणारी द्रव्ये मिसळतात. अशा एका द्रव्यामुळे, डायब्युटाइल थॅलेटमुळे, आतड्याच्या विकारावर दीर्घकाळ औषध घेणाऱ्या रुग्णाच्या लघवीत थॅलेटचे अंश असाधारण प्रमाणात आढळल्याची नोंद २००४ मध्ये झाली. २०१२ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने डायब्युटाइल थॅलेट व आणखी एक थॅलेट औषधांत टाळावे, असे मार्गदर्शन केले. २००४ मध्येच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला मानवी कर्ककारक ठरविले. पेंडीतील बद्ध फॉर्मल्डिहाइड व कारखान्यातील मुक्त वायू यांत भेद आहे. तथापि प्रक्रिया हाताळणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेचा मुद्दा त्यामुळे अनिवार्य झाला.

संश्लेषित बहुवारिक पोषणद्रव्य म्हणून पचत नाहीत. ते मलावाटे बाहेर पडतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लॅस्टिक कणांवर निर्बंध आणताना मानवी व पशुवैद्यकीय औषधांना विक्रीबंदीतून वगळले. औषधाची गरज लक्षात घेता ही सवलत समजण्याजोगी आहे; परंतु आवरणाचे कार्य संपल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

निष्कर्ष

१. आवरणाचा इतिहास चव झाकण्यापासून जागा ठरविण्यापर्यंत विकसित झाला. १८८४ मधील उन्ना यांचा प्रयत्न हा या बदलाचा आरंभबिंदू मानता येतो.

२. मानवी औषध व पशुखाद्य या दोन शाखा स्वतंत्र दिसत असल्या तरी त्यांचे पदार्थ, यंत्रे व संस्था समाईक आहेत. भेद आहे तो पचनमार्गातील आम्लतेच्या क्रमाचा, आणि त्यानेच रसायनाची दिशा ठरविली.

३. पोटॅशियम क्लोराइड व ॲस्पिरिन यांच्या उदाहरणांवरून, निर्दोष आवरणही औषधाचा परिणाम बदलू शकते हे सिद्ध होते. आवरण हा औषधाचा क्रियाशील भागच होय.

४. मानवी गोळीसाठी औषधसंहितेत विद्राव्यतेच्या चाचण्या रूढ झाल्या. आवरणयुक्त पशुखाद्य पूरकांचे मूल्यमापन मात्र भिन्न प्रयोगशाळांत भिन्न पद्धतींनी होते. मुरघास, दमट हवा व गोळीपेंड यंत्र या भारतीय परिस्थितीत टिकणारी तपासणी पद्धत निश्चित होणे आवश्यक आहे. औषधनिर्माणशास्त्र व पशुविज्ञान यांच्या महाविद्यालयांना एकत्रितपणे करता येण्याजोगे हे कार्य आहे; कारण माणसाच्या गोळीने अनेक रुग्णांच्या वेदनेतून जे शिकविले, त्याची किंमत पशुपालकाला पुन्हा मोजावी लागू नये.